मकरंदाच्या चित्रातला धूर

२४ सप्टें. ८९, रवि. शॉमबर्ग.

पोरगी प्रेमात पडली. आज या कानांनी ऐकलं.

सुजू शनिवार-रविवार कॉलेजातून घरी येते तशी आली होती. फोनची लांब वायर ओढून जिन्यात बसलेली, मैत्रिणीशी इंग्रजीत चालू. मधून मधून एकच नाव. मकरंद. मकरंद. नात माझी अमेरिकेत जन्मली, एकवीस वर्षांची घोडी झाली, आणि शेवटी शोधला तो मराठी मुलगा! मला इतका आनंद झाला की तव्यावरची चपाती करपली. सुनेला, विमलला, सांगितलं नाही. आधी पोरीच्या तोंडून येऊ दे. मुलगा काय करतो, घरचे कोण, हे आनंदा विचारील बाप म्हणून. गाव कुठलं ते मात्र नाही विचारायचा. आमच्या घरात तो प्रश्न कुणी कुणाला विचारत नाही.

संध्या. राहवेना, विचारलं.
"सुजे, मकरंद काय करतो गं?"
"पेंटर आहे."
"रंगारी?"
"नाही आजी, लँडस्केप्स. डोंगर, नदी, असं."
"आईबाप?"
"आजी, ही इज डेड! शंभर वर्षं झाली."

बया. मॅक्रँड म्हणे. स्कॉटलंडचा माणूस, आडनाव मॅक्रँड. सुजू त्याच्यावर मोठा पेपर लिहिते आहे कॉलेजात. पोट धरून हसली. मीही हसले, काय करणार. पण मी त्याला मकरंदच म्हणणार. इतकं मनात धरलेलं नाव एकदम कुठं टाकू.

१ ऑक्टो., रवि.

ही वही सुजूनं मागंच दिलेली, का ते आज कळलं. मकरंद रोजनिशी लिहायचा म्हणे, म्हणून तूही लिही. त्याच्या रोजनिशीत काय असतं विचारलं तर पाऊस. पाऊस, वारा, बूट ओले, पाऊस. हसले मी. तसं तर मलाही येईल.

लिहायला मी उशिरा शिकले. पुण्याला वस्तीत संध्याकाळचा बायकांचा वर्ग असायचा. शिकवायला एक तरणी मुलगी, आम्ही सगळ्या तिच्या आईच्या वयाच्या. ती म्हणायची, आधी आपलं नाव, मग ग म भ न. म्हणून मला पहिल्यांदा लिहिता आलं ते गऊबाई तुकाराम कांबळे. बाकीची अक्षरं मागनं. पाटीवर काढलं, चुलीपुढं कोळशानं काढलं, पिठात बोटानं काढलं. ह्यांचं नाव तोंडानं कधी घेतलं नाही आणि हातानं मात्र किती वेळा काढलं त्याला गणती नाही. ते बघायचे आणि खोकल्यासारखं करून हसायचे.

पासपोर्टावर मी निमगावकर आहे. फॉर्मवर तशी सही कर म्हणाला आनंदा. दोनदा कागद खराब झाला. हात कांबळेवरच जाऊन थांबे. शेवटी अंगठा लावला. साहेब म्हणाला, आजी अडाणी आहेत का. आनंदा म्हणाला, हो.

७ ऑक्टो., शनि.

भाजी निवडता निवडता सुजूनं मकरंदाची सगळी कथा सांगितली.

तो डोंगरातल्या एका दरीत जन्मला. दगडामातीची घरं, वर गवत, घराच्या मधोमध चूल, आणि धूर जायला छपरात नुसतं भोक. (आपल्यासारखंच की गं, म्हटलं.) दरी एका इनामदाराची. त्याला कुणीतरी सांगितलं, माणसांपेक्षा मेंढरं ठेव, जास्त पिकतं. मग इनामदाराची माणसं आली. छपरं ओढून काढली, वासे पेटवून दिले, कुणी परत राहायला येऊ नये म्हणून. मकरंद तेव्हा पाच-सहा वर्षांचा. समुद्राकडे गेले, तिथून शहरात. बाप खोकून मेला. पोरगा कारखान्यात चहाचे ट्रे रंगवायला. ट्रेवर गुलाब काढायचे. गुलाब काढून काढून हात बसला, मग नाटकाचे पडदे रंगवले, आणि मग डोंगर. दर उन्हाळ्यात तट्टू घेऊन डोंगरात जायचा, पावसात छत्री रोवून बसायचा. बोटं आखडली की चहाच्या किटलीला धरून शेकायचा. मोठमोठ्यांनी त्याची चित्रं भिंतीवर लावली. नाव झालं.

आणि मग त्याच इनामदाराच्या मुलानं बोलावणं धाडलं. माझ्या जेवायच्या दालनात आमच्या दरीचं भलंमोठं चित्र पाहिजे.

"मग?"
"मग काढलं त्यानं."
"घरं?"
"घरं काढली त्यानं."
"म्हणजे चित्रात आहेत?"
"नाही... वेट. आजी, काढलं मीन्स ड्रॉ? ऑर रिमूव्ह?"

दोन्ही, म्हटलं. चित्र काढलं म्हणजे केलं, आणि घर काढलं म्हणजे मोडलं. आपल्या भाषेला काय बोलायचं. सुजूनं ते लगेच हातावर पेनानं लिहून घेतलं.

चित्रात घरं नाहीत. हरणं आहेत.

म्हातारपणी त्यानं शहरात बंगला बांधला आणि बंगल्याला त्या दरीचं नाव दिलं. दारावर पितळी पाटी. मी विचारलं, जिथनं हाकलला त्याच जागेचं? सुजू म्हणाली, हो. भाजी तशीच राहिली, विमलनंच निवडली नंतर.

१४ ऑक्टो., शनि.

आज धम्माचा दिवस. स. माझ्या खोलीत वंदना. बुद्ध वरच्या मजल्यावर माझ्या खोलीत असतात, खाली दिवाणखान्यात जहाजाचं चित्र आहे. आनंदा आंघोळ करून आला, मांडी घालून बसला, एक शब्द अडला नाही. तेरा वर्षांचा होता नागपूरला. त्या गर्दीत ह्यांच्या खांद्यावर बसायला लाजत होता, एवढा मोठा झालेला. तरी बसवला. वंदना झाल्यावर म्हणाला "जयभीम, आई." अगदी हळू. आपल्याच घरात.

संध्या. लेल्यांकडे कोजागिरी. एकाच दिवशी दोन्ही आलं. लेले काका-काकू मराठी मंडळातले, आनंदाचे इथले सगळ्यात जुने स्नेही. सुजूच्या बारशाला पाळणा काकूंनी म्हटला होता. माणसं सोन्यासारखी. मला दर बुधवारी गाडीतून लायब्ररीत विणकामाला नेतात, माझ्यासाठी लोकर निवडून ठेवतात. आज मसाला दूध केलेलं, केशर घालून. अंगणात थंडीत कुडकुडत सगळे चंद्राकडे बघत होते.

काकूंनी सहज विचारलं, "आजी, निमगाव म्हणजे कुठलं हो? निमगावं पुष्कळ आहेत."
मी तोंड उघडायच्या आत आनंदा म्हणाला, "नगरकडचं." आणि माझ्या हातात दुधाचा पेला दिला. गरम होता. तोंड भाजलं.

निमगाव नगरकडचंच. खोटं नाही बोलला. पण आम्ही निमगावात कुठं होतो? निमगाव वर, आम्ही खाली ओढ्याच्या पलीकडं.

१९ ऑक्टो., गुरु.

काय दिवस गेला! सुजूनं मला म्युझियममध्ये नेलं, शिकागोला. लोक बघतात तिथं नाही, मागं, जिथं चित्रं दुरुस्त करतात तिथं. ती आठवड्यातून दोन दिवस तिथं कामाला जाते. मकरंदाचं ते दरीचं चित्र फिरत फिरत इथं आलंय आणि आता त्याची सफाई चालू आहे. पांढऱ्या केसांची एक बाई आहे मार्था, तिच्या हाताखाली सुजू. मला खुर्ची दिली, कॉफी दिली. कॉफी चित्रापासून लांब ठेवायला लावली.

सफाई कशी, तर काडीला कापूस गुंडाळायचा, तोंडात घालून ओला करायचा आणि चित्रावरून हळूच फिरवायचा. थुंकीनं! मी म्हटलं ही काय रीत. सुजू म्हणाली थुंकीत काहीतरी असतं, मळ सुटतो आणि रंगाला धक्का लागत नाही, सगळीकडे असंच करतात. मग तिनं स्वतः करून दाखवलं. तिला एक कोपरा दिलाय, वरचा, आभाळाचा.

माझी आजेसासू सांगायची, तिच्या आज्याच्या वेळी आपल्या माणसाला पुण्याच्या रस्त्यावर थुंकायची चोरी. गळ्यात मडकं बांधून हिंडायचं. आणि ही माझी नात, इनामदाराच्या आभाळाला थुंकी लावून बसलेली, त्याबद्दल तिला वर शाबासकी देतात. घरी आल्यावर बुद्धापुढं बसले, हसू का रडू कळेना. हसलेच.

चित्र मोठं, आमच्या गॅरेजच्या दाराएवढं. डोंगर असा की गार वारा लागावा. माणूस मोठा कारागीर हो मकरंद. खाली, पायथ्याला, दोन खडकांच्या मागून एक बारीक राखी रेघ वर गेलेली दिसली. मी म्हटलं, "सुजे, हा धूर."
"कुठे?"
"हा काय. चुलीचा धूर. ओल्या लाकडाचा असाच जातो, आधी सरळ मग वाकडा. कुणीतरी मागं राहिलंय बघ."

सुजू चित्राला नाक लावून उभी राहिली. मग तिनं मला खुर्चीसकट मिठी मारली. मार्थाला सांगितलं. मार्था मान हलवून म्हणाली, मे बी.

२९ ऑक्टो., रवि.

दिवाळी. विमलनं चकल्या केल्या, थोड्या मऊ पडल्या, कुणी बोललं नाही.

सुजूचा पेपर आता धुरावर आहे. तिचं म्हणणं असं, मकरंदानं इनामदाराला फसवलं. घरं काढली नाहीत पण धूर काढला. इनामदार रोज जेवताना त्या चुलीकडं बघत जेवत होता आणि त्याला माहीत नव्हतं. तिचे प्रोफेसर खूश झाले. डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी कॉलेजात सगळ्यांसमोर बोलायचं आहे. आनंदानं स्वतः फोन करून लेल्यांना आमंत्रण दिलं. "आमची सुजाता लेक्चर देणार आहे." आमची सुजाता, असं दोनदा म्हणाला.

मी काय सांगू मला काय वाटलं. माझा धूर कॉलेजात गेला.

१० नोव्हें., शुक्र.

टीव्हीवर कुठल्याशा देशात भिंत फोडतायत. पोरं वर चढून नाचत होती. विमल म्हणाली एकाच गावाच्या मध्ये घातलेली भिंत होती. मी विचारलं, विहीर कुठल्या बाजूला?

परवा बुधवारी काकूंनी टाका शिकवला, उलटा. माझ्या हाताला हात लावून शिकवला.

१८ नोव्हें., शनि.

धूर गेला.

काल मार्थानं खालचा भाग साफ करायला घेतला. सुजू शेजारीच. कापूस फिरवला आणि रेघ कापसावर आली. काळी-तांबूस. दुसरा कापूस, तिसरा, आणि खाली नुसता खडक आणि गवत. धूर मकरंदानं काढलेलाच नव्हता. मळ होता. मार्था म्हणाली, जेवायच्या दालनात शेकोटी असायची, चित्र तिच्यावरच टांगलेलं, वर्षानुवर्षं काजळी बसली आणि कधीतरी ओल येऊन तिचा ओघळ झाला असेल.

सुजू आली ती बूट न काढता माझ्या पलंगावर पडली आणि रडली. "आय बिल्ट द होल थिंग ऑन इट, आजी." मला इंग्रजी येत नाही पण हे कळलं.

दोष माझा कसला, मला दिसलं ते मी बोलले. पण तोंड कडू झालं. धूर तर होताच म्हणा. चूल दुसऱ्याची निघाली. खाणाऱ्याची.

म्हणजे मकरंदानं काहीच ठेवलं नव्हतं. एक रेघसुद्धा नाही.

२३ नोव्हें., गुरु.

इथला टर्कीचा सण. विमलनं टर्कीला कांदा-खोबऱ्याचं वाटण लावलं होतं. छान झाली होती, पण जेवलं कोण.

प्रोफेसर सुजूला म्हणाले, धूर सोडून दे, त्याच्या उजेडावर लिही, आभाळावर लिही. ही म्हणते नाही. ही आता सांगणार की त्यानं आपली माणसं आपल्या हातानं पुसली, आणि हे मला कळतं कारण माझ्या घरात मला ते माहीत आहे. आजी कुठं राहायची ते सांगणार. आपण निमगावकर नाही, कांबळे आहोत, ते सांगणार.

आनंदानं काटा खाली ठेवला. "तुला त्या पेंटरबद्दल काय बोलायचं ते बोल. आम्हाला मध्ये कशाला?"
"बिकॉज ही डिड व्हॉट वी डिड, बाबा."
"आम्ही काय केलं?"
सुजू मराठीत म्हणाली, "घरं काढली."

विमल म्हणाली, "सुजू, लेले काका-काकू येणार आहेत. बाबांनी बोलावलंय."
"सो? ते चांगले आहेत ना? तूच म्हणतेस चांगले आहेत."
"चांगलेच आहेत," आनंदा म्हणाला. "म्हणूनच."

नंतर आवाज वाढले. मी कान बंद केले नाहीत पण इंग्रजीत गेलं सगळं. सुजू कुणाच्या तरी गाडीत बसून सण टाकून गेली. बाप-लेकीचं बोलणं बंद.

२६ नोव्हें., रवि.

आनंदा दु. माझ्या खोलीत येऊन बसला. लहानपणी मार खाल्ल्यावर बसायचा तसा, भिंतीला पाठ लावून.

"आई, पुण्यात खोल्या बघत फिरायचो ते आठवतं?"

न आठवायला काय झालं. इंजिनियरिंगला नंबर लागलेला पोरगा. आधी या बसा, पाणी घ्या, मग नाव काय, मग खोली कालच गेली हो. पाणी दिलेलं भांडं बाहेरच राहायचं. एका घरी तो निमगावकर म्हणाला आणि खोली मिळाली. त्या दिवशी घरी पेढे घेऊन आला होता. आम्ही खाल्ले. ह्यांनी अर्धाच खाल्ला.

"लेले यायचे बंद होतील असं नाही, आई," आनंदा म्हणाला. "येतील. फक्त जरा वेगळे येतील."

हे जरा वेगळे मला कळलं. त्याच्या पाठीवरून हात फिरवला. विषय बदलावा म्हणून मकरंदाच्या बंगल्याची गोष्ट काढली. आनंदा म्हणाला, "कोण मकरंद?" तर सांगितला कोण ते. पितळी पाटीचं सांगितलं, की ज्या दरीतून हाकलले त्याच दरीचं नाव घराला.

आनंदा सतरंजीचा दोरा ओढत बसला. मग नुसतं "निमगाव" म्हणाला, आणि उठून खाली गेला.

बोलायला नको होतं का. मी सहज...

३० नोव्हें., गुरु.

सुजूचा फोन. आधी माझ्याशी. "आजी, मी नाव नाही घेणार. ते बाबांचं पण आहे. फक्त मॅक्रँडचं बोलते, आणि तुझं थोडंसं." मग म्हणाली बाबांना दे. आनंदा फोन कानाला लावून उभा, हं, हं. शेवटी "ओके बेटा." डोळे पुसले त्यानं, चष्मा पुसतोय असं दाखवून.

शनिवारी सगळ्यांनी जायचं ठरलं. आनंदा आपला सदरा स्वतः इस्त्री करत होता. शीळ घालत. मला माझ्या पांढऱ्या लुगड्यावर कुठली शाल घेऊ तेवढीच काळजी. निळी घेते.

देवा... देव म्हणायची सवय जात नाही. असो. घर सांधलं.

२ डिसें., शनि.

बर्फ. स. पासून. आनंदानं गाडी अशी चालवली की मागून हॉर्न वाजत होते. रात्र व्हायच्या आत परत आलो.

झालं असं. हॉलच्या दारात टेबल. टेबलावर जाड काळी पेनं आणि चिकटायचे कागद, वर लाल पट्टी. ज्यानं त्यानं आपलं नाव लिहून छातीवर चिकटवायचं. मजाच वाटली मला, आपल्याकडं नाव दुसऱ्यानं विचारायचं असतं. टेबलामागच्या पोरीनं हसून माझ्यापुढं एक कागद सरकवला आणि हातात पेन दिलं. आनंदा मागून म्हणाला, "आई, दे, मी लिहितो." पण पेन हातात आलं होतं. आणि हात चालायला लागला.

गऊबाई तुकाराम कांबळे.

मराठीत. मला दुसरं काय येतं. पोरगी म्हणाली ब्यूटिफुल, आणि स्वतःच माझ्या शालीवर चिकटवलं, दाबून.

आनंदाचा हात माझ्या खांद्यावर होता. तो काढला नाही त्यानं. विमल हलक्या आवाजात म्हणाली, "आई, शाल जरा पुढे घ्या." मी घेतली पुढं. अर्धं झाकलं, मग शाल घसरली. निळी शाल गुळगुळीत आहे, विणकामातली घ्यायला हवी होती.

त्या अख्ख्या हॉलमध्ये ते वाचता येणारी माणसं किती? आम्ही, आणि लेले.

ते आले तेव्हा आनंदा अजून टेबलाशीच, स्वतःचा कागद पुढ्यात घेऊन, पेन हातात. काकू माझ्याकडं आल्या, माझा हात धरला आणि नजर छातीवर गेली. ओठ हलले त्यांचे, वाचताना हलतात तसे. तुकारामपाशी हलले, पुढं हलले. मग थांबले.

"आजी," त्या म्हणाल्या, "अक्षर किती वळणदार आहे हो तुमचं." हात सोडला नव्हता. मग सोडला. पर्समधून रुमाल काढायचा होता.

आम्ही बसलो. विमल, मग मी, मग एक खुर्ची, मग काकू, मग काका. मधल्या खुर्चीवर काकूंनी पर्स ठेवली. असंच ठेवतात बायका पर्स. मीही ठेवली असती.

दिवे गेले. भिंतीवर मकरंदाची दरी आली, स्वच्छ, बिनधुराची. त्यापुढं माझी सुजू एवढीशी. बोलली ती, आणि काय बोलली! कळलं काही नाही. मकरंद ऐकू यायचा पुन्हा पुन्हा, एकदा आजी. आणि मध्येच आपला शब्द, काढलं. तो तिनं लोकांना हातांनी समजावला. उजव्या हातानं हवेत चित्र काढलं, आणि मग त्याच हातानं पुसलं. आमचं नाव घेणार नाही म्हणाली होती, नाही घेतलं असणार. शब्दाची पक्की आहे.

अंधारात कुणीतरी रांगेतून आलं. काकूंनी पर्स उचलून मांडीवर घेतली. आनंदा मध्ये बसला. कोट घातलेला, कोटावर कागद चिकटवलेला. पांढरा तेवढा दिसला.

दिवे आले, टाळ्या झाल्या. मी बघितलं. नाव इंग्रजीत होतं. सुरुवातीचा ए मला येतो, आनंदाचा. पुढचं नाही येत. काका वाकून आनंदाला काहीतरी म्हणाले, आनंदा काहीतरी म्हणाला. काका हसले. हसणं इंग्रजीतलं का मराठीतलं, कळेना.

सुजू खाली धावत आली. आधी माझी शाल बघितली. मग बापाचा कोट. आणि तोंडावर हात ठेवून तशीच उभी राहिली.

३ डिसें., रवि.

घर शांत. सुजू तिथंच कॉलेजात राहिली, तिची परीक्षा आहे. फोन उद्या. आनंदा स. पासून बर्फ काढतोय, आमचा झाला, आता शेजारच्यांचा काढतोय. विमलनं दोनदा चहा बाहेर नेऊन दिला. दुसऱ्या वेळी तिथंच उभी राहून बोलत होती. खिडकी बंद, ऐकू आलं नाही.

शालीवरचा कागद निघेना. ओढला तर लव उपटून आली. आता इथं या पानावर चिकटवला आहे, निळी लव लागलेली आहे तशी.

आत्ता बसल्या बसल्या निमगावकर लिहून बघितलं. येतं की. थांबत थांबत जातो हात, पण येतं. काल का नाही आलं?

आनंदाचा कोट खाली कपाटात आहे. कागद तसाच आहे त्याच्यावर. सकाळी कपाट उघडून बघितलं आणि पुन्हा लावलं. विचारलं तर सांगेल तो. सुजूला विचारलं तरी सांगेल.

लेल्यांचा फोन आला नाही. रविवारी करतातच असं नाही. बुधवारी काकू आठ-दहा मिनिटं इकडं तिकडं येतात, दारात एकदाच हॉर्न वाजवतात, बारीक.

लोकर पिशवीत भरून दाराशी ठेवली आहे.